हळू हसा, टिटवी बसलीय

"टेकडीवर किती झाडं लावलीत?" असं कुणी विचारलं की आम्ही एकमेकांची तोंडं बघतो. काही जगली, काही गुरांनी खाल्ली, काही उन्हाळ्यात गेली, आणि मोजायचं कुणालाच सुचलं नाही. पण किस्से विचारा! ते मात्र पाणी न घालता वाढतात. एक सांगायला घेतला की शेजारचा म्हणतो, "अहो, ते काहीच नाही..." आणि चहा गार होतो.

ही आमची टेकडी बदलापूर पूर्वेला, शिरगावच्या मागे. पायथ्याशी तळं, वर गवत आणि झाडी. पूर्वी हे गावाचं गुरचरण. भोवती टॉवर उभे राहायला लागले, तेव्हा गावातल्या आणि सोसायट्यांतल्या लोकांनी मिळून ठरवलं, एवढी तरी हिरवी ठेवायची. ठरवणं सोपं होतं! नंतर कळलं, टेकडी हवी सगळ्यांनाच, पण प्रत्येकाला वेगळी. कुणाला चालायला, कुणाला खेळायला, कुणाला फोटो काढायला. आणि पक्ष्यांना तर राहायलाच.

मी अंबरनाथच्या एका कारखान्याच्या लॅबमधून रिटायर झालेली बाई. नियम लिहायची सवय, म्हणून कमिटीचं रजिस्टर माझ्याकडे आलं. माझ्या जोडीला धर्मामामा. त्यांचं शेत टेकडीला लागून. मला नियम ठाऊक, त्यांना टेकडी.

*

कुलकर्णीकाकूंचा हास्यक्लब सकाळी तळ्याकाठच्या मोकळ्या खडीवर जमायचा. एका उन्हाळ्यात नेमकी त्याच खडीवर टिटवीने अंडी घातली. चार. खडीत खडीसारखी, पाय पडला तरी कळणार नाही अशी. मी चार काठ्या रोवून दोरी बांधली आणि काकूंना म्हटलं, "जरा पलीकडे सरका. आणि थोडं हळू हसा."

काकू भडकल्या. "हळू हसायचं असतं तर घरीच नसतो का हसलो!"

पण सरकल्या. दुसऱ्या दिवशी पलीकडून पहिलं "हा हा हा" उठलं, आणि टिटवी ओरडत यांच्या डोक्यावर घिरट्या घालायला लागली. हे हसले की ती ओरडायची, ती ओरडली की यांना आणखी हसू. शेवटी काकूंनी फर्मान काढलं, पिल्लं निघेपर्यंत बिनआवाजाचं हसायचं. हात वर, तोंड उघडं, आवाज बंद.

त्याच आठवड्यात नवीन राहायला आलेले एक गृहस्थ फिरायला आले आणि धावत माझ्याकडे. "मॅडम, लवकर चला! तिकडे वीस माणसांची वाचा गेलीय!"

पिल्लं निघाली त्या दिवशी काकू पेढ्यांचा बॉक्स घेऊन फाटकात उभ्या. "घ्या, आमच्याकडे चार झाली!"

कुणीतरी विचारलं, "मुलगे की मुली?"

"ते कुणाला माहीत! पण पहिल्याच दिवशी चालायला लागली चौघंही!"

*

वाधवानी शेठचं उल्हासनगरला कापडाचं दुकान. दुकान उघडायच्या आधी स्कूटरवर टेकडीला येणार, तळ्यात माशांना कणकेच्या गोळ्या टाकणार, हात जोडणार आणि जाणार. पुण्याचं काम, त्यामुळे बोलणार कोण? पण शेठचं बघून दुसरे टाकायला लागले. मग ब्रेड आला, मग फरसाण. पाण्यावर साय धरली, वास सुटला.

मी त्यांना पाण्यातला ऑक्सिजन समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साईं, वो सब ठीक है. पर मच्छी भूखी रहेगी तो पाप किसको लगेगा? तुमच्या ऑक्सिजनला?"

मग धर्मामामा त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"शेठ, तुमी उपास करता?"

"करतो ना. सोमवार, एकादशी."

"मग मासळीलाबी उपास असतो."

शेठ विचारात पडले. "कोणत्या वारी?"

"माणसाच्या हातचं खायाचं नाय, असा उपास. सगळ्या वारी!"

शेठ इतके हसले की कणकेचा डबा पाण्यात पडता पडता वाचला. दुसऱ्या दिवशी डबा नव्हता. म्हणाले, "पण मला काहीतरी करायला द्या. हात रिकामा चांगला नाही वाटत." मामांनी त्यांच्या हातून तळ्याच्या काठाला उंबराचं रोप लावून घेतलं. फळं पिकली की आपोआप पाण्यात पडतील, मासे खातील.

"किती दिवसांत?" शेठ.

"दिवस नाय, वर्षं."

"तोपर्यंत मी काय करू?"

"पानी घालायला या."

आता दुकानातल्या गिऱ्हाइकांना शेठ सांगतात, "मी माशांसाठी अॅटोमॅटिक मशीन बसवलंय. थोडं हळू चालतं!"

*

हा किस्सा माझ्यावरचा आहे, तरी सांगते. सुरुवातीच्या वर्षी मी पाट्या केल्या होत्या. फुलं तोडू नका. स्पीकर लावू नका. कुत्री मोकळी सोडू नका. पायवाट सोडू नका. दगड उलटे करू नका. अक्षर सुबक, रंग पक्का. मला फार अभिमान!

धर्मामामा म्हणाले, "बाई, माझा चष्मा घरी ऱ्हायला. जरा वाचून दाखवा." मी त्यांना पायवाटेने नेत एकेक पाटी मोठ्याने वाचत गेले. अकराव्या पाटीपाशी ते थांबले.

"तुमी लोकांना बोलावता का हाकलता?"

मला राग आला. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी एकटीच त्या वाटेने गेले, सगळ्या पाट्या पुन्हा वाचल्या आणि माझ्या लक्षात आलं, की जाताना मी झाडाकडे एकदाही मान वर करून बघितलं नव्हतं. पाट्या काढल्या. फाटकावर एकच ठेवली, मामांच्या शब्दांत: "पाहुण्यासारखे या."

आठवड्याभरात कुणीतरी तिच्याखाली कोळशाने लिहिलं, "चहा मिळेल का?"

मी ओला फडका घेऊन पुसायला निघाले, तर मामांनी अडवलं. "ऱ्हाऊ द्या. पाहुणा म्हटल्यावर विचारनारच!"

*

लग्नाआधीचे फोटो काढायला एक जोडपं आलं. नवरी लांबलचक गाऊनमध्ये, नवरदेव गॉगल लावून, सोबत फोटोग्राफर. ऐन उन्हाळा, गवत वाळून कडकडीत झालेलं, आणि फोटोग्राफरने बॅगेतून रंगीत धुराच्या नळकांड्या काढल्या!

मी धावले. "अहो, पेटवू नका! एक ठिणगी पडली तर टेकडी जाईल!"

"आंटी, दोन मिनिट का काम है. धुएँ के बिना फील नहीं आता."

धर्मामामा मागून सावकाश आले. त्यांनी नळकांडी बघितली, नवरदेवाकडे बघितलं आणि फार काळजीने म्हणाले, "पोरा, धूर लग्नानंतर निघतो. तू आधीच कशाला घाई करतो?"

नवरी जी हसायला लागली ती गवतात बसलीच. गाऊनला कुसळं लागली, नवरदेव कपाळाला हात लावून उभा. फोटोग्राफरने तेवढ्यात फोटो काढला.

पत्रिका आली तेव्हा त्यावर तोच फोटो होता. कोपऱ्यात मामांचं अर्धं मुंडासंही आलंय!

*

समीर एमआयडीसीत शिफ्टला जातो आणि त्याची टीम सुट्टीच्या दिवशी टेकडीच्या खांद्यावर क्रिकेट खेळते. त्यांचं पिच म्हणजे गवताच्या मधोमध खरवडलेला मातीचा पट्टा. मला तो सलायचा. तिथे गवत आलं तर चंडोल घरटी करतील, असं माझं म्हणणं. समीरचं म्हणणं, "मॅडम, आमचे बाप पण इथेच खेळले. ते चंडोल तेव्हा पण होते." तीन बैठका झाल्या. शेवटी माझ्या बाजूने ठराव झाला, की पिच हलवायचं. समीर उठून गेला.

त्यानंतरच्याच रविवारी, भर दुपारी, खालच्या अंगाने गवत पेटलं. कशाने ते आजवर कळलं नाही. वारा वरच्या दिशेने होता. मी पोचले तेव्हा आग माणसापेक्षा उंच झाली होती, आणि तिच्यासमोर समीरची अख्खी टीम. मॅच सोडून धावलेली. हिरव्या फांद्या, ओली पोती, कुणाच्या हातात अंगातून काढलेला टी-शर्ट. मी नुसती ओरडत होते, "मागे या! मागे या रे!" त्या क्षणी टेकडी गेली तरी चालेल असं मला वाटत होतं, ही मुलं घरी जायला हवीत.

आग पिचपर्यंत आली. तिथे जाळायला काही नव्हतं. बाजूने वळायला लागली तशी मुलांनी दोन्ही टोकांना झोडपून काढली. आणि ती विझली. वरची झाडी, अर्धं गवत, सगळं वाचलं.

समीर काळ्याठिक्कर तोंडाने माझ्यासमोर येऊन उभा राहिला. पाण्याची बाटली रिकामी केली आणि विचारलं, "मॅडम, पिच कधी हलवायचं?"

मी रजिस्टरमधल्या त्या ठरावावर स्वतःच्या हाताने काट मारली. आता दर हिवाळ्यात टीम पिचच्या दोन्ही बाजूंनी आग अडवणारी जाळरेषा साफ करते. बाकीचं गवत चंडोलांचं. समीरनेच नियम काढला, गवतात बॉल गेला की आऊट, शोधायला आत जायचं नाही.

त्याचा परिणाम? पोरं उचलून मारायचं विसरली. सगळे फटके जमिनीवरून. यंदा बाहेरच्या टुर्नामेंटमध्ये फायनलला गेले. समोरच्या कॅप्टनने विचारलं, "कोच कोण तुमचा?"

समीर म्हणाला, "चंडोल."

*

पण माझ्या मनात घर करून राहिलंय ते जाधवांचं.

एका रविवारच्या बैठकीत काही मंडळींनी प्रस्ताव आणला. फाटकापासून माथ्यापर्यंत पेव्हर ब्लॉकचा रस्ता, रेलिंग, दिवे, वर सेल्फी पॉइंट. मी उभी राहिले आणि चांगलंच भाषण ठोकलं. "एक वीटसुद्धा चालणार नाही!" टाळ्या पडल्या. मी बसतेय तोच मागून एक हात वर झाला. विमलताई जाधव. टेकडीसमोरच्याच बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर राहतात.

"मॅडम, तुमचं पटलं. वीट नकोच. पण माझे मिस्टर चार वर्षं व्हीलचेअरवर आहेत. चार वर्षं खिडकीतून ही टेकडी बघतायत. एकदा खाली आणलं होतं, तर फाटकाच्या आत चाक रुतलं. तिथूनच परत नेलं. त्यांनी काय करायचं, तेवढं सांगा."

मी रजिस्टरात डोकं घातलं.

धर्मामामा म्हणाले, "मुरूम टाकू. धुमसानं ठोकून घेऊ. तळ्याकाठच्या जांभळीपोत्तर."

चार रविवार काम चाललं. मुळं तुटू नयेत म्हणून वाट झाडांना वळसे घालत नेली. विमलताई रिकामी खुर्ची ढकलून बघायच्या, मग मामा म्हणाले, रिकाम्या खुर्चीला काय कळणार, आणि स्वतःच तिच्यात बसले. विमलताई ढकलतायत आणि मामा हात वर करून सांगतायत, "इथं धक्का बसला! ठोका अजून!"

जाधव आले त्या सकाळी शर्टाला इस्त्री होती, भांग नीट पाडलेला. जांभळीखाली खुर्ची लावली. तासभर तळ्याकडे बघत बसले. मग वरच्या झाडीतून टुक, टुक, टुक असा आवाज यायला लागला, तशी त्यांनी मान वर केली.

"वर कोण ठोकतंय?"

"तांबट आहे तो," मी सांगितलं. "हिरवा, चिमणीएवढा पक्षी."

जाधव उल्हासनगरच्या वर्कशॉपमध्ये जन्मभर फिटर होते. डोळे मिटून ऐकत राहिले. "हात बसलेला आहे," म्हणाले. "एकही ठोका चुकत नाही."

तेव्हापासून रोज सकाळी यायला लागले. हळूहळू दुसऱ्याही दोन खुर्च्या यायला लागल्या, एक वॉकर, एक बाळाची गाडी. आम्ही सगळे इतके खूश की पुढच्याच बैठकीत कुणीतरी म्हणालं, "आता ही वाट माथ्यापर्यंत नेऊ या. जाधवसाहेबांनाही वरचं बघायला मिळू दे!"

सगळ्यांचे हात वर. एका विटेला नको म्हणणारीचा, म्हणजे माझाही! मी ठराव लिहायला घेतला, तर विमलताई म्हणाल्या, "अहो, ह्यांनी हात वर नाही केला."

सगळे जाधवांकडे वळले. "जाधवसाहेब, तुमच्यासाठीच तर चाललंय!"

जाधव जरा लाजले. वरच्या झाडीकडे बोट दाखवून म्हणाले,

"आपण सगळे वर गेलो तर तो उठून जाईल हो. राहू द्या. मला इथून ऐकू येतं."