झाडाचं नाव सांग

शाळेत मुलांचं जेवण रांधणारी रोजलीन वाडीतली एकटी ख्रिस्ती. तिला बैठकीला कोणी बोलवत नसे. पण लखूनं भर दुपारी देवराईत फास लावून भेकर मारलं, असं गणपती आणि गुणा सांगत होते आणि लखूला वाडीबाहेर काढायचं ठरत होतं, तेव्हा ती आपणहून येऊन उभी राहिली.

"दोघांना येगळं करून इचारा. आमच्या बायबलात दानिएलानं असंच करून निर्दोष बाई वाचवली."

"तुझं बायबल चुलीत घाल!" गणपती खेकसला.

"ते मागनं बघू. फास कुठल्या झाडाखाली हुता, सांग. गुणाला आधी लांब न्या."

बुदवंतानं, म्हणजे वाडीच्या प्रमुखानं, वैतागून होकार दिला.

"किंदळाखाली," गणपती म्हणाला.

मग गुणाला आणलं. तो छाती काढून म्हणाला, "मत्तीच्या बुडाशी."

रानात जन्मलेला माणूस किंदळाला मत्ती म्हणत नाही, तेही भर दुपारी.

बुदवंत उठला. "लखू हितंच ऱ्हाईल. आणि रोजलीन, तू परत बैठकीत पाय ठेवायचा न्हाई."

"परत कुणाला असं धरलासा तर ठेवणार," ती म्हणाली.