मस्तगडच्या मोबाइलवाल्याचा इलाज

बायकोनं आणि मी एकाच मॉडेलचे फोन घेतले. तिचा पडदा दुधासारखा, माझा हळद लावल्यागत पिवळा. मी एकटाच दोन्ही फोन घेऊन मस्तगडच्या मोबाइलवाल्याकडं गेलो. त्यानं चष्मा कपाळावर चढवून ते शेजारीशेजारी ठेवले.

"मॉडेल एक असलं तरी पडदे दोन कारखान्यांतले असतेत, भाऊ. शेजारी ठेवले की जीव जळतो."

मग पाठमोरा होऊन त्यानं काहीतरी खुडबुड केली. काळ्या कव्हरातला माझा फोन एकदम पांढराशुभ्र झाला.

"खर्चा बिलकुल न्हाई," तो म्हणाला.

मी खुशीत निघालो. वाटेत काळ्या कव्हरातला फोन वाजला. पडद्यावर 'आई' दिसलं म्हणून उचलला, तर पलीकडे सासूबाई.

"जावई जवळ न्हाईत ना?"

पठ्ठ्यानं नुसती कव्हरं बदलली होती. मी आवाज बारीक करून म्हणालो, "हूं."