चहा गोड का लागतो

नव्वदच्या दशकात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मी आणि माझी मैत्रीण जालन्यात एका खोलीवर राहायचो. दोघी हसनाबादच्या, शाळेपासून एका बाकावरच्या. रसायनशास्त्राच्या सरांवर आमचा फार विश्वास. साखर पाण्यात विरघळते म्हणजे तिच्या रेणूतले बंध तुटतात, असं त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं होतं. मी विचारलं, "सर, तुटल्यावर मग उरतं काय?"

"तेवढं पाठ कर. परीक्षेत तेवढंच विचारतात."

मी पाठ केलं.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. सर त्यांच्या शेजारीच बसले होते. आम्हा दोघींना एकदमच आत बोलावलं. साखर विरघळते म्हणजे काय होतं, नेमकं तेच परीक्षकांनी विचारलं आणि मी धडाधड उत्तर दिलं.

"बंध तुटले तर ती साखर राहील का?" ते शांतपणे म्हणाले. "मग चहा गोड का लागतो?"

"सरांनी असंच शिकवलंय," मी म्हणाले.

सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी असं कधीच शिकवलेलं नाही. या मुलींचं लक्ष नसतं."

परीक्षकांनी मैत्रिणीला विचारलं, "तू सांग. वर्गात काय शिकवलं होतं?"

ती परीक्षानळ्यांकडे बघत म्हणाली, "सरांनी बराबर शिकवलं होतं. हिलाच समजलं नसंल."

परीक्षकांनीच मग समजावून सांगितलं. साखरेचे रेणू एकमेकांना धरून असतात. पाण्याचे रेणू त्यांना ओढून वेगळं करतात, पण प्रत्येक रेणू आतून अख्खाच राहतो. मला ते तिथल्या तिथे समजलं, आणि कान तापले ते तापलेच.

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, "खोटं कामून बोललीस?"

"मंग काय करू? पुढच्या साली पण त्यांच्याच हाताखाली राहायचंय. तू कशाला नाव घेतलं सरांचं?"

लेखी परीक्षेआधी उजळणीच्या तासाला सरांनी साखरेचे अख्खे रेणू फळ्यावर काढले. "मागे सांगितल्याप्रमाणे," ते म्हणाले. सगळा वर्ग मुकाट्यानं उतरवून घेत होता. मैत्रीणही.

मी खोली बदलली. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं आणि कॉलेज सुटलं. पत्रिका घेऊन ती स्वतः आमच्या घरी आली, आईशी बराच वेळ हसूनबोलून गेली. ती जाईपर्यंत मी शेतातच थांबले.