गोजरबाईंनी तेलाला कुलूप लावलं

खोडदच्या आमच्या शेजारीण गोजरबाई यांचं म्हणणं असं, की मुलगा सुभाष अख्खा त्यांच्यावरच गेलाय. नाक त्यांचं, खणखणीत आवाज त्यांचा, बाजारात भाव पाडून घ्यायची कलाही त्यांचीच. नवऱ्याचं म्हणून त्याच्या अंगात त्यांनी काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. मालक बिचारे हे ऐकत ऐकतच देवाघरी गेले.

२००४ साली कांदा भरताना सुभाषच्या छातीत कळ आली. डॉक्टर म्हणाले, कोलेस्टेरॉल फार वाढलंय. गोजरबाई घरी आल्या आणि तेलाचा डबा आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"हिच्या तळणानं माझ्या लेकाची वाट लावली," हे गावभर झालं. ही म्हणजे सून उज्ज्वला. तिच्या हातची कुळथाची शेंगोळी खायला पाहुणे निमित्तं काढून यायचे. आता तिला रोज तेलासाठी सासूपुढे वाटी धरावी लागायची. आमच्याकडे हळदीकुंकवाला यायचंही तिनं बंद केलं.

दिवाळीला सुभाषची मुलगी हर्षाली पुण्याहून आली. ती तिथल्या प्रयोगशाळेत उंदरांवर काम करायची.

"गणपतीच्या वाहनाला सुया टोचता व्हय गं?" आजीनं विचारलं.

"नमस्कार करून टोचते, आजी. आपलं लिव्हर रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. त्याला त्यासाठी बारीक आकडे असतात म्हण. आमच्या काही उंदरांत ते आकडे करणारा जीनच मुद्दाम बिघडवलेला असतो. खाणं बाकीच्यांसारखंच, कोरडं. तळण नाही, तूप नाही. तरी त्यांचं कोलेस्टेरॉल दुपटीच्या वर."

"न खाता?"

"न खाता. त्यांच्या पिल्लांना तो बिघाड आईबापाकडूनच येतो. माणसांतही असा बिघाड घराण्यातून येतो. पप्पांचं तसंच असेल."

गोजरबाई विचारात पडल्या. "उंदीर खोटं बोलायचा नाय. ओझरला विघ्नहराच्या पायाशी बसतोय त्यो. मंग हे सुभाषच्या बापाकडलंच. त्यांचं घराणंच तसलं."

मालकांच्या वाट्याला पहिल्यांदाच काहीतरी आलं.

"आजोबा तर नाहीत. तुझं रक्त तपासू," हर्षाली म्हणाली.

"तपास की. मी भाकरी नि कोरड्यास खाणारी बाई."

चार दिवसांनी रिपोर्ट आला. आजीचं कोलेस्टेरॉल लेकाच्याही वर होतं. हर्षालीनं रिपोर्ट दोनदा वाचला. उज्ज्वला चहा गाळत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "आत्याबाई, हेबी तुमचंच का मंग?"

गोजरबाईंनी चहा संपवला. कमरेची किल्ली काढून सुनेच्या हातावर ठेवली. "आता दोघांना तेल बेतानंच घालायचं बग," एवढंच म्हणाल्या.

उज्ज्वला त्याच शुक्रवारी आमच्याकडे आली, वाटीभर शेंगोळी घेऊन. गोजरबाई पाठोपाठ.

"सुभाष समदा माझ्यावर गेलाय," त्या टेकत म्हणाल्या. "आता तर गोळीबी एकच लागती आमाला."