पाइनखालची आळिंबी

आळिंबी मला काही नवीन नव्हती. माझं माहेर पाटणकडचं, तिथल्या डोंगरात वारुळाशेजारी पांढरीशुभ्र आळिंबी उगवते आणि तिचं कालवण मटणाला मागे सारतं. त्यामुळे लग्न होऊन सांगलीला आल्यावर एका आषाढात आमच्या ह्यांनी पाचगणीहून ओल्या फडक्यात गुंडाळून आळिंबी आणली, तेव्हा मी आपला कांदा चिरायला घेतला. हे पायसुद्धा न धुता आत आले. म्हणाले, "अगं, ही खायची नाही. हिला अजून नावच नाही." नाव नसलं म्हणून खायचं का नाही, हे मला कळेना. पण नवीन लग्न झालेलं, कांदा बाजूला सारला.

हे कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. पाचगणीला एका साहेबाच्या बंगल्याच्या आवारात पाइनची झाडं होती, साहेबाच्या वडिलांनी कुठल्या तरी थंड मुलखातून कुंड्यांमधून आणून लावलेली. आपल्याकडचे लोक त्यांना सुरूची झाडंच म्हणत. त्या झाडांखाली पडलेल्या सुयांच्या थरातून ही आळिंबी वर यायची. टोपी तांबूस, बोटाला चिकटणारी. खालच्या अंगाला इतर आळिंबीला असतात तसे पडदे नाहीत, तर बारीक चाळणीसारखी भोकं. आणि कापली की आतल्या पांढऱ्या गराला हळूहळू निळी झाक यायची. ह्यांनी मला मुद्दाम कापून दाखवली. शाईचा थेंब पाण्यात पसरावा तशी ती निळाई पसरत गेली आणि मीसुद्धा हातातलं काम सोडून बघत राहिले, खोटं कशाला सांगू.

तिचं आणि पाइनचं नातं असतं म्हणे. मुळाशी मूळ जोडून दोघं एकमेकांना खाऊ घालतात. झाड नाही तर ही नाही. ह्यांच्या मते असली आळिंबी कुठल्याच पुस्तकात लिहिलेली नव्हती. पण आपण म्हणून भागत नाही. नव्या जातीचं वर्णन लिहायचं, ते लॅटिन भाषेत लिहायचं, आणि नुसत्या वर्णनालाही कोणी विचारत नाही. खरी वस्तू वाळवून विलायतेतल्या जाणकाराकडे पाठवायची, त्याने ती तपासून हो म्हणायचं, तेव्हा कुठे नाव लागणार. ह्यांनी त्यासाठी कुठल्याशा पाद्र्याकडून लॅटिनचं जुनं व्याकरण आणलं आणि जेवतानासुद्धा पुटपुटायला लागले.

आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, हे सगळं कपाळाला आठ्या घालून बघत. मामंजी हळदीच्या अडतीत होते, ते जाऊन दोनेक वर्षं झाली होती. आत्याबाई अक्षरशत्रू, पण जिभेला धार. त्या ह्यांना म्हणाल्या, "सौंस्कृत चालत न्हाई व्हय रं तुझ्या ह्या कुत्र्याच्या छत्रीला? शेजारचं शास्त्रीबुवा बसल्या जागी चार श्लोक करून देतील की."

हे हसले. पण त्यांचा जीव टांगणीला लागलेला होता, कारण पाऊस काही उघडत नव्हता. आळिंबी वाळवायची तर ऊन कुठलं? मग शेगडीवर उंच चाळण बांधून, निखारे राखेने झाकून, मंद उबेवर ती सुकवायची. चाळण स्वयंपाकघरातली घेतली, ती विटाळली म्हणून आत्याबाईंनी कायमची टाकून दिली. सुकलेली आळिंबी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली. पहिल्या खेपेची निम्मी किड्यांनी पोखरली. डबा उघडला तर तळाला नुसता भुगा. त्या दिवशी हे जेवले नाहीत. आत्याबाईंनी दोनदा पान वाढलं, दोनदा उचललं. दुसऱ्या खेपेला हे भर पावसात परत पाचगणीला जाऊन आले. पण हंगाम सरत आला होता. जेवढी मिळाली तेवढी आणली, वाळवली, डब्यात भरली. आता पुन्हा पुढच्या आषाढातच.

नागपंचमीला मी माहेरी गेले. हे पुण्याला, तिथल्या ग्रंथालयात आळिंबीची पुस्तकं बघायला. घरात एकट्या आत्याबाई.

आम्ही दोघंही एकाच दिवशी परतलो. आळिंबी नवीच आहे, अशी ह्यांना पुण्यात बहुतेक खात्री झाली होती. टांग्यातून उतरतानाच त्यांचा चेहरा उजळलेला. आल्या आल्या डबा काढला. झाकण उघडलं आणि ते तसेच उभे राहिले. मी मागून डोकावले. आत सगळं पिवळंधमक. कडेला पाणी सुटलेलं, टोप्या मऊ पडून एकमेकींना चिकटलेल्या. वास मला लगेच ओळखता आला, आमच्या घरात तो भिंतींनाही होता.

आत्याबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांच्या तोंडावर इतकं समाधान मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"परत किडं लागू ने म्हनून म्या हळद-मीठ चोळून ठिवलंय बघ," त्या म्हणाल्या. "हरिपूरच्या पेवातली, जमिनीखाली मुरलेली जुनी हळद हाय. आता वरीसभर काय व्हत न्हाई."

आता काय सांगू! सांगलीतल्या बाईला टिकवायचं म्हटलं की दुसरं काय सुचणार? मिरच्या असोत, लोणच्याच्या फोडी असोत, पोराच्या पायाला झालेली जखम असो, हळद. आणि ज्या वस्तूला त्या शिवायलाही तयार नव्हत्या, ती त्यांनी लेकासाठी एकेक करून हातात घेतली होती, चोळली होती. वर आंघोळही केली असेल नंतर. मिठाने पावसाळी हवेतलं पाणी ओढून घेतलं आणि हळदीने रंग खाल्ला. ना तांबूस टोपी राहिली ना निळी झाक.

मला वाटलं, आता ओरडणार. मग डबा बंद करून म्हणाले, "बरं केलंस आई."

डबा पाठवण्यासारखा नव्हताच. ह्यांनी ताज्या आळिंबीची रंगवलेली चित्रं आणि हकिकत तेवढी विलायतेतल्या जाणकाराला पाठवली. वस्तू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काही म्हणता येत नाही, असं त्याचं सभ्य उत्तर आलं. तेही खरंच होतं, त्याला काय दोष द्यायचा?

पुढच्या आषाढात आम्ही दोघं पाचगणीला गेलो. साहेब बंगला विकून त्याच्या देशी निघून गेला होता. नव्या मालकाने उन्हाळ्यात पाइन तोडून टाकले होते, त्यांच्या सुयांखाली काही उगवत नाही म्हणून. तिथे बटाट्याचे वाफे होते. मालक भला माणूस, त्याने आम्हाला चहा पाजला. झाडं कशाला हवी होती, विचारलं. हे चहा संपवून उठले. आम्ही उरलेल्या खुंटांभोवतीच्या ओल्या मातीत वाकून वाकून शोधलं, पावसात, घोंगडीची खोळ घेऊन. काही नव्हतं. मग महाबळेश्वरच्या वाटेला, जिथे जिथे पाइन ऐकले तिथे तिथे गेलो. आळिंबी मिळाली, पण ती नव्हे. कापायची, निळी होते का बघायचं, नाही झाली की पुढे.

त्या थंडीत ह्यांचं लॅटिन वर्णन लिहून पुरं झालं. कोणासाठी लिहिताय, असं विचारायचा मला धीर झाला नाही. मी दिव्याची काच पुसून द्यायचे, एवढंच माझ्या हातात होतं.

आत्याबाईंनी एकदा जेवताना विचारलं, "गेली का रं तुझी आळिंबी विलायतेला?"

"गेली," हे म्हणाले.

मग काय, गल्लीत सांगत सुटल्या. सात समुद्र ओलांडून गेली, किडा म्हणून लागला नाही, हळद कुणाची होती! शेजारणी ह्यांना दारात थांबवून कौतुक करायच्या. हे मान हलवून हो म्हणायचे. आत्याबाई जाईपर्यंत, पुढची कितीतरी वर्षं, हे हो म्हणत राहिले.