तीन रकान्यांची वही

केळापुरात मास्तरकी करणाऱ्या पुंडलिकरावांना लोक हसत, आणि खरं सांगायचं तर ते हसण्यासारखंच होतं. घरी कपाशीचं वावर, बायको लीलाबाई एकटी मजूर लावून ते सांभाळते, आणि हा बाबा दर रविवारी सायकलवर टांग टाकून तीन कोसांवरच्या बंजाऱ्यांच्या तांड्यात जातो. कशासाठी, तर सिलोनात भाताला काय म्हणतात आणि जावात काय म्हणतात, ते लिहून आणायला.

हे खूळ शिरलं ते छप्पन साली, पांढरकवड्याच्या बाजारात. तिथे तांड्यातला धावजी भेटला. मोठ्या लढाईत तो फौजेची खच्चरं हाकायला होता. दोन वर्षं सिलोनात काढली आणि लढाई संपल्यावर वर्षभर जावात. बोलता बोलता तो सहज म्हणाला, "नावाले सिलोनात 'नम' म्हंतेत, मास्तर, अन् जावात 'नामा'. दुःखाले इकडं 'दुक', तिकडं 'दुका'. पण भाताले सिलोनात 'बत', अन् जावात 'नासी'. हे कसं काय असंन?"

झालं, मास्तरांची झोप उडाली. सिंहली ही आपल्या भाषांच्या गोतातली, हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. इंडोनेशियाची भाषा गोतातली नव्हे, पण तिच्या घरी आपले शब्द पाहुणे म्हणून गेले आणि तिथलेच होऊन बसले. सोयरा कोण आणि पाहुणा कोण, हे एकदा नीट मांडायचं असं त्यांनी ठरवलं. पहिला रकाना मराठीचा, दुसरा सिंहलीचा, तिसरा इंडोनेशियाच्या भाषेचा, अशी वही त्यांनी हातानं शिवली. मूलबाळ नव्हतं. मागे काहीतरी राहावं, ही माणसाची साधी हाव, ती त्या वहीत गेली.

सात वर्षं हे चाललं. मास्तर बाजेवर बसत, धावजीची बायको मानीबाई गुळाचा चहा देई, आणि मास्तर विचारत, "मंग धावजी, आज काय?" धावजी आढ्याकडे पाहत चार-दोन शब्द काढून देई. जावाच्या शब्दांना पुढेपुढे शेवटी 'ओ' येऊ लागला. मास्तरांनी त्यावर नियम बसवला आणि दहा पानांचा लेखही लिहिला. आता या शहाण्या माणसानं सात वर्षांत एकदा तरी तांड्यातली गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची भाषा, कान देऊन ऐकावी की नाही? दोन समुद्रांपलीकडचं ऐकायला यांचे कान टवकारलेले, आणि चुलीपाशी बाई काय बोलते ते यांच्या गावीही नाही.

त्रेसष्ट साली दिवाळीच्या आधी धावजीचं अर्धं अंग गेलं आणि वाचा बसली. मास्तर मार्चात निवृत्त होणार होते. त्यांनी घाईघाईनं लेख आणि साठ शब्द नागपूरच्या एका प्राध्यापकांना धाडले होते. पौषात उत्तर आलं. सिंहली शब्द पुष्कळसे बरोबर दिसतात, पण तिसऱ्या रकान्यातले चाळीस शब्द जकार्त्यात बारा वर्षं राहिलेल्या स्नेह्यालाही ठाऊक नाहीत. सांगणाऱ्याकडून खात्री करून कळवावं, नाहीतर छापण्यात अर्थ नाही.

"सांगणारा तर मुका झाला," लीलाबाई म्हणाल्या. "आता तरी सोडा ना जी."

मास्तरांनी सोडलं नाही. रविवारची वाटही न पाहता ते सायकल हाणत तांड्यात गेले. धावजी बाजेवर पडलेला, तोंड वाकडं, उजवा हात तेवढा हलता.

"धावजी, मी वाचतो. खरा असंन तं हात उचल, बस." त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. "गेरियो, म्हंजे कोयता."

हात उचलला नाही.

"मुंडलो, म्हंजे जाळं. धावजी, आठव ना रे बाबा. तुझ्याशिवाय मले कोणी नाही."

धावजीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तेवढ्यात चुलीपाशी भाकर थापता थापता मानीबाई बोलली, "तेजो. हरणो. लालियो."

मास्तरांनी वहीत पाहिलं. पुढचे तीन शब्द तेच होते, त्याच ओळीनं.

"मानीबाई, तुमाले जावाची भाषा कशी येते?"

"कायची जावा? हे आमच्या आजेसासऱ्याचे बैल. धान्य, मीठ वाहायचे. मरून जमाना झाला, पण दिवाळीले दिवा फिरवतानी आमचे हे त्यायचे नावं घेत, अन् आमी बाया मागून म्हनो. तुमी काहून लिहिले?"

मास्तर वहीची पानं मागे उलटत गेले. "सात वर्षं मले बैलांचे नावं देल्ले यानं?"

मानीबाईनं नवऱ्याकडे पाहिलं आणि तिला उमगलं. ती हळू आवाजात म्हणाली, "तुमी तीन कोस सायकल रेटत येत व्हते, मास्तर. दारी आलेल्या मानसाले आमी रिकाम्या हातानं धाडत नाही. त्याच्यापाशी आठवलेलं सरलं असंन. मंग घरात जे व्हतं, ते देल्लं."

ओरडावं, वही चुलीत घालावी, असं मास्तरांना वाटलं. सिलोनचे 'पुष्कळसे' बरोबर, म्हणजे कोणते? जावाचे वीस खरे, ते तरी सारे त्याच अर्थाचे का? सांगेल असा माणूस साऱ्या जिल्ह्यात हा एकच, आणि तो समोर मुका पडलेला. सात वर्षं पाण्यात गेली होती आणि आता आठवं उरलं नव्हतं. ते बाजेच्या काठावर बसले आणि पोरासारखे रडले.

मानीबाईनं हात पुसले. "मास्तर, यंदा दिवा फिरवलाच नाही. नावं हेच घेत, यांची वाचा गेली, अन् मले लालियोच्या पुढचे आठवत नाही. तुमच्यापाशी हायेत?"

"हायेत."

"मंग वाचा ना."

ती उठली, पणतीत तेल घातलं, वात पेटवली आणि धावजीपाशी येऊन उभी राहिली. मास्तरांनी चष्मा पुसला, दोन रकाने हातानं झाकले आणि तिसरा गेरियोपासून वाचायला घेतला. एकेका नावाला धावजीचा उजवा हात बाजेवरून उचलला जात होता.