स्टेशनच्या पाण्याची डाळ

आई मंगळवारी गेली. तेरवी झाली, पाहुणे परतले, आणि घरात बाबा आणि मी उरलो.

बाबा जेवेनासे झाले. मी केलेली डाळ ते नुसती भातात कालवत आणि ताट सरकवत. मला वाटलं, पाण्याचाच फरक. आमचं मलकापूर खारपाणपट्ट्यातलं. विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नसे. रेल्वेने मात्र वाफेच्या इंजिनांसाठी गोडं पाणी आणलं होतं, कारण खारं पाणी बॉयलरला चालत नाही. आमच्या गल्लीतल्या बायका डाळीपुरतं पाणी स्टेशनवरून आणत. वाफेची इंजिनं गेली, घरोघर नळ आले, तरी आई शेवटपर्यंत संध्याकाळी कळशी घेऊन तिकडे जायची.

म्हणून मीही कॅन घेऊन निघालो. फलाटावर नव्या फरश्या बसवणं चालू होतं. जुन्या दगडी भिंतीला लागून पूर्वी कापसाच्या गाठी छतापर्यंत रचलेल्या असत. आता तिथे लोक मोबाइल चार्जिंगला लावून उभे होते. नळ जागेवर होता. आईला ओळखणारा चहावाला माझ्याकडे बघत राहिला.

"सर, हे तं तुमच्या घरी येते तेच पाणी हाय. काऊन ओझं वाहून राह्यले?"

भरलेला कॅन तसाच घरी आणला. बाबांना सांगावं की नाही, कळेना. शेवटी सांगितलं. ते हसले. कितीतरी दिवसांनी.

"तुले आज समजलं काय बे? तुह्या मायले कधीचं मालूम होतं."

"मंग ती काऊन जाये?"

"गाड्या पाहाले. आल्या-गेल्याशी दोन गोष्टी कराले. घरातून निघाले कायतरी कारण पाहिजे ना."

"अन् तुमी जेवत काऊन नाही?"

"डाळ कच्ची ठेवतं तू! एवढी पुस्तकं वाचली, डाळ आधी भिजू घालावं, हे कुठंच लिहून नव्हतं काय?"

"मंग बोलले काऊन नाही?"

"तू आधीच कष्टी होता. वरून तुह्या सयपाकाले काय नावं ठेवू?"

त्यांनी उठून स्वतः डाळ भिजत घातली. त्या दिवशी त्यांनी भात दुसऱ्यांदा मागितला.

आई आता नाही. बाबा दोन्ही वेळ जेवतात. संध्याकाळी आम्ही दोघं रिकाम्या हातांनी स्टेशनवर जातो.